बॅग आली नाही तर काउंटरवर काय बोलायचं? इंदूरहून परदेशी जाणाऱ्यांसाठी इंग्रजी

राजेंद्रनगरी

मे-जून आला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून आईवडील मुलांकडे निघतात. कुणी न्यू जर्सीला, कुणी लंडनला, कुणी सिडनीला. इंदूरहून तिथे थेट विमान नाही. दिल्ली नाहीतर मुंबईला विमान बदलायचं, कधी पुढे दुबईला किंवा दोह्याला पुन्हा बदलायचं. बॅगा चुकतात त्या सगळ्यात जास्त अशा बदलांतच. आणि मग लांबच्या प्रवासाने थकलेलं असताना, अनोळखी माणसापुढे, इंग्रजीत सगळं सांगावं लागतं.

मी इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचं व्याकरण पक्कं असतं, पेपर रोज वाचतात, पण या प्रसंगाचं इंग्रजी त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. त्यांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "आय लॉस्ट माय लगेज." यावरून ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही बॅग कुठेतरी विसरलात, आणि तो हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीकडे बोट दाखवतो. म्हणायचं असं: "माय बॅग हॅजन्ट अराइव्ह्ड." किंवा "माय सूटकेस डिडन्ट कम आउट ऑन द कॅरोसेल." आपण ज्याला बेल्ट म्हणतो, तो कॅरोसेल. तो जिथे असतो त्या जागेला अमेरिकेत बॅगेज क्लेम आणि इंग्लंडमध्ये बॅगेज रिक्लेम म्हणतात. पाट्यांवर तेच लिहिलेलं दिसेल.

नंतरचा शब्द निवडताना घाई करू नका. विमान कंपनीच्या लेखी बॅग न येणं म्हणजे ती डिलेड आहे. आली पण मोडून आली, तर डॅमेज्ड. आली, पण आतलं काही काढून घेतलेलं, तर पिल्फर्ड. लॉस्ट हा शब्द शेवटचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून 21 दिवस उलटले, किंवा कंपनीने स्वतःच हरवल्याचं मान्य केलं, की मग ती लॉस्ट. प्रत्येक प्रकाराचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी असते, म्हणून हे चार शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

काउंटरवर मागायचा कागद म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, थोडक्यात पीआयआर. "आय'ड लाइक टू फाइल अ पीआयआर, प्लीज." तो हातात आल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नका. त्यावर साधारणपणे पाच अक्षरं आणि पाच आकडे असा क्रमांक असतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन विमान कंपनीची. पुष्कळशा कंपन्या वर्ल्डट्रेसर नावाच्या एकाच यंत्रणेत ही नोंद करतात, त्यामुळे त्या क्रमांकावर घरबसल्या शोध घेता येतो. विचारायचं, "कुड आय हॅव द फाइल रेफरन्स?" आणि लगेच पुढे, "कुड यू हॅव द बॅग डिलिव्हर्ड टू धिस अ‍ॅड्रेस?" बॅग घरपोच येऊ शकते हेच अनेकांना माहीत नसतं, म्हणून ते मागतही नाहीत.

सुदामानगरचा_मुलगा

ताई, फार वेळेवर धागा काढलात. आईबाबा ऑगस्टमध्ये टोरोंटोला बहिणीकडे चाललेत. बॅगेचं वर्णन विचारलं तर बाबा सांगणार, "ब्लॅक कलर, बिग साइज, गुड कंपनी." भिया, अशा तर त्या पट्ट्यावर सगळ्याच बॅगा असतात! नेमकं सांगायचं तरी काय?

राजेंद्रनगरी

काउंटरवर चित्रांचा एक तक्ता ठेवलेला असतो, बॅगेज आयडेंटिफिकेशन चार्ट. त्यात रंगांचे पट्टे आणि बॅगांचे आकार असतात, प्रत्येकाला संकेतांक. तक्ता पुढे केला नाही तर मागा: "मे आय सी द बॅगेज चार्ट?" बोट ठेवलं की निम्मं काम झालं.

उरलेल्या निम्म्यासाठी हे शब्द बाबांकडून घोटून घ्या. कडक कवचाची बॅग हार्ड-शेल, कापडी असेल तर सॉफ्ट-साइडेड. चारी चाकं सगळीकडे फिरणारी स्पिनर. उभी, चाकांची ती अपराइट. लांबट, गोल, खांद्याला अडकवायची ती डफल. वर ओढायचा दांडा रिट्रॅक्टेबल हँडल. आकड्यांचं कुलूप कॉम्बिनेशन लॉक. आपल्याकडे स्ट्रॉली म्हणतात, तो शब्द बाहेर चालत नाही. ट्रॉली म्हटलं तर इंग्लंडमध्ये सामान ढकलायची गाडी समजतील, आणि अमेरिकेत त्या गाडीला कार्ट म्हणतात.

यानंतर ओळखीची खूण सांगायची. त्यासाठी शब्द आहे डिस्टिंग्विशिंग फीचर. "देअर'ज अ रेड रिबन टाइड टू द साइड हँडल, अँड वन कॉर्नर इज स्कफ्ड." स्कफ्ड म्हणजे घासून खरचटलेलं. डेंटेड म्हणजे पोचा आलेलं, क्रॅक्ड म्हणजे तडा गेलेलं, रिप्ड म्हणजे फाटलेलं. हँडल तुटून हातात आलं असेल तर "द हँडल हॅज स्नॅप्ड ऑफ." हे शब्द मोडक्या बॅगेची तक्रार करतानाही लागतात, तिथे नुसतं "ब्रोकन" लिहून भागत नाही.

एक व्याकरणाची गोष्ट जाता जाता. लगेज आणि बॅगेज यांना अनेकवचन नाही. "टू लगेजेस" चूक. "टू पीसेस ऑफ लगेज" किंवा सरळ "टू सूटकेसेस" म्हणावं.

छप्पन_आठवणी

सगळं मान्य आहे, पण आता मोबाइल बोललेलं ऐकून भाषांतर करून देतो. या वयात लोकांना घोकायला कशाला लावता? मुलं फोनवर असतातच.

राजेंद्रनगरी

मोबाइल असावाच. निघण्याआधी बॅगेचा फोटो काढून ठेवा, उघड्या बॅगेचाही काढा, काउंटरवर तो फार उपयोगी पडतो. पण उतरल्यावर फोन तिथल्या नेटवर्कला लागलेला असेलच असं नाही, आणि यंत्राला मेतकूट कळत नाही. हे मी गंभीरपणे सांगते आहे. टॅग तुटून पडलेली बॅग बाहेरच्या वर्णनावरून जुळली नाही तर ती उघडून आतल्या वस्तूंवरून मालक शोधतात, आणि त्यासाठी तुमच्याकडून यादी मागतात. त्या यादीत "क्लोद्स अँड फूड आयटम्स" लिहिलंत तर जगातल्या कुठल्याही बॅगेला लागू होईल. "अ नाइन-यार्ड सिल्क सारी, अ ब्रास ऑइल लॅम्प, अ वुडन रोलिंग बोर्ड अँड पिन" असं लिहिलंत तर ती तुमचीच बॅग. नऊवारी, समई, पोळपाट-लाटणं हे सामान तुमच्या मराठीपणामुळेच तिथे वेगळं उठून दिसतं. मेतकुटाला "रोस्टेड लेंटिल अँड स्पाइस पावडर", गोड्या मसाल्याला "ड्राय स्पाइस मिक्स", शेवेला "फ्राइड चिकपी-फ्लोअर नूडल्स" लिहा. कस्टम्सच्या कागदावरही हेच शब्द उपयोगी पडतात. खाण्याचा पदार्थ असेल तर तो लपवायचा नाही, डिक्लेअर करायचा.

रामबागची_आत्या

माझ्या नणंदेच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. यादीत लाकडी चौरंग लिहिला होता म्हणून बॅग सापडली. चौरंगाला तिने "लो वुडन स्टूल फॉर वर्शिप" असं लिहिलं होतं.

बडोदेकर_औषधवाला

वडोदऱ्याहून लिहितोय. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. औषधं चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. आणि शब्द नीट माहीत करून घ्या, कारण बॅग आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिथल्या औषधांच्या दुकानात उभे असाल.

आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. इंग्लंडमध्ये आपलीच नावं चालतात. आपल्या कंपन्यांची ब्रँड नावं मात्र तिथे कुणाला कळणार नाहीत, म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याला जेनेरिक नेम म्हणतात. दुकानाला इंग्लंडमध्ये केमिस्ट किंवा फार्मसी, अमेरिकेत फार्मसी किंवा ड्रगस्टोअर.

वाक्य पाठ करा: "माय मेडिकेशन इज इन अ डिलेड बॅग. आय टेक इट फॉर हाय ब्लड प्रेशर. आय'व गॉट माय प्रिस्क्रिप्शन हिअर." बीपी, शुगर हे आपले घरगुती शब्द. "आय हॅव शुगर" म्हटलं तर समोरच्याला साखरेपलीकडे काही कळणार नाही. "आय'म डायबेटिक" म्हणा. आपल्या चिठ्ठीवर तिथली बरीच औषधं मिळत नाहीत, तिथल्या डॉक्टरची लागते. म्हणूनच पुन्हा सांगतो, औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.

जुना_वकील_इंदूर

कायद्याच्या शब्दांबद्दल मी लिहितो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात 2009 साली आला. दर प्रवाशामागे बॅगेच्या नुकसानभरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर आहे, आधी ती 1,288 होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा भाव बदलत राहतो. ढोबळ मानाने ही रक्कम पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या आसपास जाते. लोक इथेच फसतात. मर्यादा म्हणजे आपोआप हातात पडणारी रक्कम नव्हे. नुकसान सिद्ध करावं लागतं, तेही त्या मर्यादेच्या आत. देशांतर्गत प्रवासात, समजा इंदूर-मुंबई, मर्यादा 20,000 रुपयेच आहे.

मुदती लक्षात ठेवा. मोडलेल्या बॅगेची तक्रार ती हाती आल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून 21 दिवसांत. दावा न्यायालयात न्यायचा तर 2 वर्षांत. आणि करारात स्पष्ट म्हटलं आहे की तक्रार लेखी हवी. काउंटरवर कितीही वेळ बोललात, समोरच्याने कितीही माना डोलावल्या, तरी ती तक्रार धरली जात नाही.

करारात प्रायमा फेसी एव्हिडन्स असे शब्द आहेत, अर्थ असा की उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरला जाणारा पुरावा. तुम्ही तक्रार न करता बॅग घेऊन गेलात की ती चांगल्या स्थितीत मिळाली याचा तो पुरावा ठरतो. म्हणून पट्ट्यावरून उचलल्या उचलल्या चाकं, हँडल, चेन पाहून घ्या. दुसरा शब्द इन्हेरंट डिफेक्ट, वस्तूतच असलेला दोष. त्यामुळे नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. काचेच्या बरणीतलं लोणचं घेऊन चेक-इन काउंटरवर गेलात तर कधीकधी लिमिटेड रिलीज असं छापलेला टॅग लावून सही घेतात. त्या सहीचा अर्थ, फुटलं तर त्या नुकसानीची जबाबदारी आमच्यावर नाही. वाचून सही करा.

दागिने, रोख, लॅपटॉप चेक-इन बॅगेत नकोतच. मौल्यवान वस्तू पाठवावीच लागली तर बॅग देतानाच विचारा, "कॅन आय मेक अ स्पेशल डिक्लरेशन ऑफ इंटरेस्ट?" जास्तीचे पैसे भरून मर्यादा वाढवून घ्यायची ही तरतूद करारातच आहे.

सुदामानगरचा_मुलगा

काका, ईमेल कसा लिहायचा? बाबा शेवटी "काइंडली डू द नीडफुल" लिहितात.

जुना_वकील_इंदूर

ते आपल्या कचेऱ्यांत चालायचं. दाव्याच्या पत्रात त्याचा तोटा होतो, कारण नेमकं काय हवं ते त्यात येतच नाही. असं लिहावं: "माय चेक्ड बॅग, टॅग नंबर अमुक, वॉज डिलेड बाय थ्री डेज. अ‍ॅज अ रिझल्ट, आय हॅड टू बाय टॉयलेट्रीज अँड अ चेंज ऑफ क्लोद्स. आय रिक्वेस्ट रिइम्बर्समेंट ऑफ दीज एक्स्पेन्सेस. रिसीट्स आर अटॅच्ड." रिइम्बर्समेंट म्हणजे तुम्ही खर्च केलेले पैसे परत मिळणं. कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाई, तिला जास्त व्यापक अर्थ आहे. बॅगच गेली असेल तर आयटमाइज्ड लिस्ट, म्हणजे वस्तूवार यादी, आणि प्रूफ ऑफ परचेस, म्हणजे खरेदीचा पुरावा. जुन्या वस्तूंची पूर्ण किंमत देत नाहीत, घसारा कापतात, तो डिप्रीसिएशन. टॅगचा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवून देतात, तो फेकू नका. त्यावरचा 10 आकडी क्रमांक हाच बॅगेचा खरा पत्ता.

आयेल्ट्स_2026

मी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देते आहे. स्पीकिंगमध्ये सुट्टीवर बोलायला आलं तर? क्लासमध्ये ब्रेथटेकिंग, पिक्चरेस्क, सेरीन, अनफर्गेटेबल असे शब्द पाठ करून घेतलेत. सगळे एकाच उत्तरात बसवले तर बँड, म्हणजे गुण, वाढतो का?

राजेंद्रनगरी

नाही, बाळा. परीक्षकाकडे चार निकष असतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चौघांना सारखं वजन. शब्दसंपत्तीत शब्द जागेवर बसला का, नेमका आहे का, हे पाहतात. ओळीने चार सुंदर विशेषणं आली की पाठांतर कळतं. दुसऱ्या भागात तयारीला 1 मिनिट आणि बोलायला 2 मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. तेवढ्यात ओळखीच्या जागेवर बोल. मांडू घे.

मांडूला तू पावसाळ्यात गेलीच असशील. "मांडू इज अ रुइन्ड हिलटॉप सिटी, अबाउट अ हंड्रेड किलोमीटर्स फ्रॉम इंदूर." रुइन्ड आणि डेरेलिक्ट यांत फरक आहे. डेरेलिक्ट म्हणजे टाकून दिलेलं, पडीक. मांडूला तो शब्द लावला तर अन्याय होईल. जहाज महाल दोन तलावांच्या मध्ये आहे, मुंज आणि कापूर. "इट स्टँड्स ऑन अ नॅरो स्ट्रिप ऑफ लँड बिट्वीन टू पूल्स, सो इन द मॉन्सून इट सीम्स टू फ्लोट." इथे ब्रेथटेकिंग म्हणायची गरजच उरली नाही, ऐकणाऱ्याला चित्र दिसलं. तिथल्या गोरखचिंचेला बाओबाब म्हणतात. हा एक शब्द पाच विशेषणांपेक्षा मोलाचा, कारण भारतात हे झाड सहसा दिसत नाही आणि पुढचा प्रश्न तू स्वतःच ओढवून घेशील.

प्रवासाच्या आखणीचे शब्दही घे. आयटिनररी म्हणजे कार्यक्रमाचा आराखडा. लेओव्हर म्हणजे मधला थोडा थांबा, आंतरराष्ट्रीय प्रवासात 24 तासांपेक्षा जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर. रात्री निघून पहाटे पोचणारं विमान रेड-आय. गर्दीचा हंगाम पीक सीझन, आणि गर्दी ओसरलेला पण हवा अजून चांगली असलेला काळ शोल्डर सीझन. घरीच राहून सुट्टी घालवणं स्टेकेशन. हॉटेलात नाश्ता आणि एक जेवण धरलेलं असेल तर हाफ बोर्ड, स्वतः रांधायची सोय असेल तर सेल्फ-केटरिंग. एक मात्र टाळ. "आय वॉज आउट ऑफ स्टेशन" हे फक्त आपल्या देशात कळतं, "आय वॉज अवे" म्हण.

ग्वाल्हेरची_लेक

आमच्या ग्वाल्हेरहून बरेच जण रेल्वेने दिल्लीला जाऊन तिथून विमान पकडतात, म्हणून रेल्वेचंही लिहिते. गाडीत बॅग चोरीला गेली तर 139 वर फोन करा आणि जीआरपीकडे, म्हणजे रेल्वे पोलिसांकडे, एफआयआर नोंदवा. डब्यात आपल्याजवळ ठेवलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार नसते, रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच होते. 1989च्या रेल्वे कायद्याचं कलम 100. प्रवास विमा काढला असेल तर विमा कंपनी पोलिसांचा कागद मागते. इंग्रजीत लिहिताना चोरी झाली असेल तर "स्टोलन" लिहा, "मिसिंग" लिहू नका. दोन्हींवर विमा कंपनी वेगळा विचार करते.

लंडनला_असते_इंदूरची

तीन पाट्या नीट ओळखा. इथल्या मोठ्या स्टेशनांवर लेफ्ट लगेज लिहिलेलं दिसेल. ती पैसे भरून सामान ठेवायची जागा, आपल्या स्टेशनवरची क्लोक रूम. विसरलेल्या वस्तू मिळतात ते लॉस्ट प्रॉपर्टी. अमेरिकेत त्यालाच लॉस्ट अँड फाउंड म्हणतात. आणि इथे क्लोकरूम म्हणजे कोट ठेवायची जागा किंवा स्वच्छतागृह.

सुट्टीलाही इथे होलिडे आणि अमेरिकेत व्हेकेशन. अमेरिकन माणूस "द होलिडेज" म्हणाला की त्याच्या मनात नोव्हेंबरअखेर ते नववर्षाचा सणांचा काळ असतो. इथली सार्वजनिक सुट्टी बँक होलिडे, 1871च्या कायद्यापासूनचं नाव. त्या दिवशी बँकांबरोबर इतरही पुष्कळ काही बंद असतं, तेव्हा बॅगेसाठी फोन करण्याआधी वार पाहून घ्या.

रामबागची_आत्या

ताई, परत येताना काय? मागच्या वेळी टॅगवर इंदूर होतं म्हणून आमच्या शेजारच्या काकू दिल्लीत बॅगा न घेताच पुढच्या विमानात बसल्या. बॅगा दिल्लीतच राहिल्या.

राजेंद्रनगरी

हे फार जणांचं होतं. परदेशातून येताना साधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅगा उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि तिथून पुढे पुन्हा द्याव्या लागतात, टॅगवर इंदूर विमानतळाची आयडीआर ही अक्षरं छापलेली असली तरी. अमेरिकेत शिरतानाही सहसा पहिल्या विमानतळावर हाच नियम. मार्गाप्रमाणे फरक पडतो, म्हणून बॅग देतानाच विचारायचं: "आर माय बॅग्ज चेक्ड थ्रू टू इंदूर, ऑर डू आय नीड टू कलेक्ट अँड रीचेक देम इन दिल्ली?" चेक्ड थ्रू म्हणजे शेवटपर्यंत पाठवलेल्या. उत्तर "दिल्लीत घ्या" असं आलं, तर लगेच पुढचा प्रश्न: "इज माय कनेक्शन लाँग इनफ फॉर दॅट?" ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायला काकूंना सांगा. बोलताना अडखळलं तर कागद पुढे करायचा.